पुढील सूचनेपर्यंत गोलंदाजी बंद

अकरा वर्षांपूर्वी, एका मंगळवारी सकाळी, मी एका धडधाकट माणसाचा उजवा खांदा आजारी ठरवला. खांदा थोडा आखडला होता, हे खरं. तीन दिवसांची विश्रांती आणि गरम पाण्याचा शेक एवढ्यावर तो मोकळा झाला असता, हेही तितकंच खरं, आणि ते मला त्या क्षणी पुरतं ठाऊक होतं. तरीही मी माझ्या लेटरहेडवर, माझ्या नेहमीच्या बारीक अक्षरात, ‘पुढील सूचनेपर्यंत गोलंदाजी बंद’ असं लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का मारला. कारण पाचव्या दिवशी, रविवारी, अंतिम सामना होता. तो माणूस समोरच्या संघाचा वेगवान गोलंदाज होता, आणि त्याच्यापुढे सलामीला जाणारा फलंदाज मी होतो.

ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नाही. आमच्या व्यवसायात चूक लपवायला जागा भरपूर असते. अक्षर कुणाला लागत नाही, आजाराचं नाव कुणाला उच्चारता येत नाही, आणि रुग्ण उठता उठता आपलेच आभार मानतो.

माझा दवाखाना चाकणच्या रस्त्यावर, एका टायरच्या दुकानाच्या वर आहे. आजूबाजूच्या कंपन्यांतले फिटर, वेल्डर, ट्रकचालक हे माझे रुग्ण. सोमवारी सकाळी जिन्यावर रांग लागते. गावची जत्रा, मेव्हण्याचा साखरपुडा, सोयाबीनची काढणी, अशी सगळी कारणं माझा जिना चढता चढता पोटदुखी होतात. “डॉक्टर, दोनच दिवसांचं लिहा की,” अशी विनवणी होते. मी लिहीत नाही. पंचवीस वर्षांत मी खोटं सर्टिफिकेट दिलं नाही, अशी माझी ख्याती आहे, आणि ती जपण्यासाठी मी समोरच्याला सचोटीवर एक छोटं व्याख्यानही देतो. माझा आवाज मुळातच इतका हळू की व्याख्यान ऐकण्यासाठी रुग्णाला टेबलावर ओणवं व्हावं लागतं. एकानं ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं होतं, “म्हणजे तीन दिवसांचं लिहिताय का?”

माझी पत्नी शाळेत गणित शिकवते. तिचा आवाज शेवटच्या बाकापर्यंतच काय, शेजारच्या वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचतो. “तुमचं बोलणं ऐकायचं तर मलाच स्टेथोस्कोप घ्यावा लागेल,” असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात म्हणाली होती. वैद्यक, क्रिकेट आणि घर या तीन गोष्टींना मी आयुष्य वाहिलं, असं माझ्या सत्काराच्या वेळी दरवर्षी सांगितलं जातं. पत्नीच्या मते यादी बरोबर आहे, फक्त पहिल्या दोन नावांची अदलाबदल करायला हवी, आणि तिसरं नाव का घेतात ते तिला कळत नाही.

सत्काराबद्दल पुढे सांगायचंच आहे. आधी मैदानावरची माझी तीन शून्यं.

औद्योगिक वसाहतीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर दर हिवाळ्यात रविवारी सकाळी टेनिस बॉलची स्पर्धा भरते. कंपन्यांचे संघ असतात, शिक्षकांचा असतो, वकिलांचा असतो आणि आम्हा डॉक्टरांचाही असतो. माझ्या दवाखान्याखालचे टायरवाले चाचा समालोचन करतात. त्यांच्या माइकला वेगळा जनरेटर लागतो, आणि तो जनरेटर त्यांच्यापेक्षा थोडा कमी बोलतो.

हा गोलंदाज लातूरकडचा. एका कंपनीत मेंटेनन्सला फिटर होता, अंगानं किरकोळ, चालताना साधा, बोलताना नम्र. पण हातात चेंडू आला की त्याच्यात कुणीतरी दुसराच शिरायचा. त्याचा यॉर्कर पायाच्या अंगठ्याचा पत्ता घेऊनच निघालेला असे. पहिल्या वर्षी त्यानं मला पहिल्या चेंडूवर त्रिफळाचीत केलं. दुसऱ्या वर्षी दुसऱ्या चेंडूवर, ज्याला मी प्रगती समजलो. तिसऱ्या वर्षी मी दहा वर्षांच्या मुलीला मुद्दाम सोबत नेलं. मी मैदानात गेलो आणि चाचांनी सुरुवात केली, “डॉक्टरसाब आले, डॉक्टरसाबनी गार्ड घेतला, डॉक्टरसाब…” आणि वाक्य पुरं व्हायच्या आत आवाज बदलून म्हणाले, “डॉक्टरसाब चालले.” मी मंडपात परतलो तेव्हा मुलीनं निरागसपणे विचारलं, “बाबा, काही विसरलात का?”

या प्रश्नानं मला वर्षभर छळलं. चौथ्या वर्षी अंतिम सामन्यात पुन्हा त्यांचा आणि आमचाच संघ समोरासमोर आला. मुलीनं शाळेतल्या मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं की तिचे बाबा फायनल खेळणार आहेत. आणि त्या मंगळवारी तो जिना चढून माझ्यासमोर येऊन बसला.

“डाक्टरसाहेब, हात वर नेला की दुखायलंय बगा.”

“कधीपासून?”

“परवापासून. ओव्हरटाइम केला, अन् वरून दीड तास बॉल टाकले. फायनल हाय न्हवं का.” मग तो हसला. “तुमच्यासंगंच हाय. तुमी म्हनसाल, ह्याला बरा कामून करू?”

त्याला तो विनोद वाटला होता. मी त्याचा हात वर नेऊन पाहिला, फिरवून पाहिला, पाठीमागे नेऊन पाहिला. प्रत्येक हालचालीला तो किंचित तोंड वाकडं करी आणि लगेच म्हणे, “तसं लई नाई.” खरंच लई नव्हतं. मी पेन उचललं.

माझ्या मनानं तेव्हा जी कसरत केली ती आज आठवताना मला स्वतःचीच कीव येते. ‘सहा आठवडे’ असं लिहिलं तर ते धडधडीत खोटं झालं असतं, आणि मी खोटं लिहीत नसे. ‘पुढील सूचनेपर्यंत’ या शब्दांत मात्र आकडा नाही. पुढची सूचना मी सोमवारी देऊ शकत होतो. म्हणजे मी काही खोटं लिहिलं नाही, असं मी स्वतःला समजावलं, आणि शिक्का जरा जास्तच जोरात मारला.

त्यानं कागद दोन्ही हातांनी घेतला. “तुमी लिवलंय म्हंजी तसंच असंल,” म्हणाला. माझी ख्याती त्या दिवशी माझ्याच कामी आली.

रविवारी तो मैदानावर आला तो गळ्यात झोळी बांधून. झोळी मी सांगितली नव्हती. ती त्यानं आपल्या मनानं, बायकोच्या ओढणीची केली होती. त्याच्याऐवजी त्यांच्या कॅन्टीनच्या मॅनेजरनं पहिलं षटक टाकलं. त्या सद्गृहस्थांचा चेंडू इतका सावकाश यायचा की मधल्या वेळेत मला आपल्या कृत्याचा पश्चात्ताप करता येत होता. तो करत करत मी सदतीस धावा काढल्या. आयुष्यातली ती माझी सर्वोच्च खेळी. सामनावीराचा कप द्यायला आयोजकांनी कुणाला बोलवावं? “आपला दुखापतग्रस्त शेर,” असं म्हणत चाचांनी त्यालाच पुढे केलं. त्यानं डाव्या हातानं कप माझ्या हाती दिला, आणि टाळ्या वाजवता येईनात म्हणून त्याच हातानं मांडीवर थापा मारल्या. मुलगी मला येऊन बिलगली. तो कप तेव्हापासून आमच्या पुनावळ्याच्या घरात, काचेच्या कपाटात, मधोमध आहे.

पुढच्या मंगळवारी त्याला ‘आता खुशाल खेळा’ असं सांगून मी हे प्रकरण मिटवणार होतो. तो आलाही. तापाची साथ होती, जिन्यावर माणसं मावत नव्हती. त्यानं दारातून फक्त डोकं आत घातलं. “साहेब, पुढं काय?”

मला त्याच्याकडे पाहवेना. दुसऱ्या रुग्णाच्या छातीला स्टेथोस्कोप लावलेला, मान खाली, त्याच अवस्थेत मी म्हणालो, “आता काही नको. बंद करा सगळं.”

मला म्हणायचं होतं ते मलम, ती गोळी, ती झोळी. तो म्हणाला, “बरं साहेब,” आणि गेला.

त्यानं सगळं बंद केलं.

पुढच्या हिवाळ्यात तो मैदानावर दिसला तो पांढरी टोपी घालून, पंच म्हणून, सगळ्या खुणा डाव्याच हातानं करत. मी मनाची समजूत घातली की माणसाला वयानुसार आवडी बदलतात. तेव्हा तो पस्तिशीचाही नव्हता. पंच म्हणून तो सगळ्यांशी कडक होता, एक मी सोडून. माझ्या बॅटची कड लागल्याचा आवाज एकदा चाचांच्या माइकमधून साऱ्या मैदानानं ऐकला. यष्टिरक्षकानं झेल धरला, सगळे ओरडले. हा निर्विकार उभा. “आवाज आला नाई,” म्हणाला.

“अरे भावा, बहिरा झाला का काय?” समोरचा कर्णधार चिडला.

“डाक्टरसाहेबांचा आवाज कवा कुनाला आलाय का?” यानं शांतपणे उत्तर दिलं.

आणि त्याच वर्षापासून माझा सत्कार सुरू झाला. बक्षीस समारंभात तो स्वतः उठला, माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माइकवर सांगितलं की डाक्टरसाहेबांनी माझ्या खांद्याची सूज वेळेवर ओळखली. दुसऱ्या वर्षी सुजेची जागा दबलेल्या शिरेनं घेतली. तिसऱ्या वर्षी ऑपरेशन टळलं. पाचव्या वर्षी चाचांनी परस्परच जाहीर करून टाकलं की पुण्यातल्या मोठमोठ्या डॉक्टरांनी हात वर केले होते, “पण आपल्या डॉक्टरसाबनी ह्याचा हात वर होऊ दिला नाही, म्हणून हात वाचला!” वैद्यकीय दृष्ट्या हे विधान मला आजवर समजलेलं नाही, पण त्याला टाळ्या खूप पडल्या. माइक माझ्याकडे आला की मी दरवर्षी “यात माझं काही नाही” एवढंच म्हणे. ते अक्षरशः खरं होतं. लोक त्याला विनय म्हणत.

यंदाची धरून शाली अकरा झाल्या. पत्नीनं त्यांना कपाटाचा एक कप्पा दिला. “आणखी दोन माणसांचे खांदे वाचवा,” ती म्हणाली, “म्हणजे मला गादीवर घालायला पुरतील.” मी दर वेळी हसलो. दर वेळी, शाल घडी करताना, पुढच्या रविवारी त्याला खरं सांगायचं असं ठरवलं. एकदा तर त्याच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेलो. त्यानं चऱ्होलीला घर घेतलं होतं. तिथून मी कोथिंबीर घेऊन परत आलो, आणि पत्नीनं विचारलं की कोथिंबिरीसाठी चऱ्होलीला कशाला गेला होतात.

माझी मुलगी आता फिजिओथेरपीची इंटर्नशिप करते आहे. दर शनिवारी ती माझ्या दवाखान्यात बसते. या हिवाळ्यातल्या एका शनिवारी तो गुडघा दाखवायला आला. उभं राहून राहून पंचाचा गुडघा दुखतोच. मी टेबलाशी एका मुलाची जीभ बघत होतो. पडद्यापलीकडून तिचा आवाज आला.

“काका, आता हा हात वर करा बघू.”

“हाताचं काय नाई ताई, गुडघा हाय.”

“सवय आहे मला, सगळं तपासायची. करा ना वर.”

“त्यो नाई करत म्या. बंद हाय.”

“बंद म्हणजे?”

मग प्लॅस्टिक वाजल्याचा आवाज झाला. मी मुलाची जीभ तशीच बाहेर ठेवून पडदा सरकवला. त्यानं पिशवीतून माझा तो कागद काढला होता. कागदाला त्यानं लॅमिनेशन करून घेतलं होतं.

“हे बगा. ‘पुढील सूचनेपर्यंत.’ सूचना अजून आली नाई.”

मुलीनं कागद पाहिला, त्याच्या खांद्यावर बोटं टेकवली, हात हळूहळू कानापर्यंत नेला, मागे फिरवला. “दुखतंय?”

“नाई.”

“कधी दुखलं होतं?”

“तवाच. तीन-चार दिस.”

“अहो काका, मग अकरा वर्षांत तुम्ही एकदाही बॉल टाकून बघितला नाहीत? दुसऱ्या कुणाला तरी विचारायचं!”

“दुसऱ्याला कसं विचारू ताई?” तो तिला एखाद्या नव्या कामगाराला समजवावं तसं सांगू लागला. “आमच्या कंपनीत मशीन बंद ठेवायची असली की लाल टॅग लावतेत. ज्यानं टॅग लावला त्यानंच काढायचा. मॅनेजर आला तरी दुसऱ्यानं हात लावायचा नाई. लावनारा गावाला गेला असंल तर त्यो येईस्तोवर मशीन बंद. न्हाईतर आत कुनाचा हात असंल, अन् जाईल ना त्यो.” मग त्यानं माझ्याकडे पाहून अदबीनं आवाज खाली आणला. “ह्यो टॅग साहेबांचा हाय.”

“पण मग बाबांना तरी विचारायचं!”

“मोठ्या मानसाला तोंडावर कसं म्हनायचं, तुमी इसरलाव म्हनून? म्हनून तर म्या दर वर्षाला शाल घालून आठवन देतो की.”

मी पडद्याला धरून उभा होतो. मला वाटत होतं ते अकरा सत्कार होते. त्या अकरा विनंत्या होत्या. वर्षातून एकदा, साऱ्या मैदानासमोर, त्या माणसानं माझ्या खांद्यावर हात ठेवून मला विचारलं होतं की माझा खांदा कधी परत देता, आणि मी दर वेळी मान झुकवून म्हणालो होतो की यात माझं काही नाही.

खरं सांगायला याहून योग्य क्षण मिळणार नव्हता. मुलगी समोर होती, तो समोर होता, कागद समोर होता. मी घसा साफ केला, त्याचा खांदा विनाकारण दोन मिनिटं तपासला आणि म्हणालो, “आता हरकत नाही. खेळा.”

त्यानं वाकून माझ्या पायांना हात लावला. मी मागे सरकलो तर स्टूल पडलं. तो जिना उतरला आणि पाच मिनिटांत खालून चाचांचा आवाज आला, माइकशिवाय, तरी रस्त्यापलीकडे ऐकू जाईल असा, “अकरा साल का इलाज! अकरा साल! डॉक्टरसाबनी शेवटी ठीक केलाच!” तासाभरात पेढे आले, आणि दुसऱ्या दिवशीच्या चाळिशीपुढच्यांच्या सामन्यात तो गोलंदाजी करणार असल्याचा निरोपही. मी पेढा तोंडात धरून उरलेले रुग्ण तपासले.

घरी जाताना गाडीत मुलीनं विचारलं, “बाबा, तेव्हा नक्की काय झालं होतं त्यांना?”

“ते… लिगामेंटचं होतं. थोडं सांध्याच्या कॅप्सूललाही होतं. गुंतागुंतीची केस होती.”

ती आता शिकलेली आहे, हे मी बोलताना विसरलो होतो.

घरी पत्नी मेथी निवडत होती. मी तिच्या शेजारी बसलो आणि, मंगळवारपासून कपापर्यंत, सगळं सांगितलं. ती देठ खुडत ऐकत होती, मधूनमधून “काय? जरा मोठ्यानं” म्हणत होती. सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, “मला कशाला सांगताय? माझा खांदा ठीक आहे.”

“त्याला सांगायला कुठून सुरुवात करावी तेच…”

“म्हणजे त्या माणसाला काहीच झालेलं नव्हतं?” हे वाक्य तिच्या वर्गातल्या आवाजात आलं. आमच्या इमारतीत निदान वरच्या दोन मजल्यांना ते कळलं असणार. आतल्या खोलीचं दार उघडलं आणि मुलगी बाहेर आली.

मी तिला मुद्दाम सांगायचं ठरवलं नव्हतं. पण आता लपवायलाही काही उरलं नव्हतं. “तुझ्यासमोर पुन्हा शून्यावर परत यायला मला लाज वाटत होती,” मी म्हणालो.

ती काचेच्या कपाटाजवळ जाऊन उभी राहिली. मला वाटलं ती रडेल. ती म्हणाली, “पण बाबा, त्याच्या आधीच्या वर्षी तुम्ही लवकर आउट झालात म्हणून आपण लवकर रसवंतीवर गेलो. मला तेच आवडलं होतं. फायनलच्या दिवशी तुम्ही एवढा वेळ खेळलात की माझं डोकं दुखायला लागलं उन्हानं. म्हणून मी येऊन बिलगले. मला घरी जायचं होतं.”

पत्नीला हसू आवरेना. मेथीची जुडी बाजूला ठेवून ती हसली. मग हसता हसताच, पण माझ्याकडे रोखून बघत, म्हणाली, “उद्या त्याची मॅच आहे ना? मग?”

दुसऱ्या दिवशी चाळिशीपुढच्यांचा सामना होता. आम्ही तिघंही गेलो. अकरा वर्षांनी तो गोलंदाजीला आला तेव्हा चाचांनी त्याची अशी काही ओळख करून दिली की नवीन पोरंही मोबाइल बाजूला ठेवून सीमारेषेवर आली. त्यानं चेंडू पँटला घासला, लांबवर चालत जाऊन उभा राहिला आणि धावत आला.

पहिला चेंडू यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून थेट जनरेटरवर जाऊन आपटला. दुसरा वाइड. तिसरा दोन टप्पे पडून गेला आणि फलंदाजानं तो सावकाश, जवळजवळ दया येऊन, सीमेपार मारला. पोरं हसली. चाचा पहिल्यांदाच गप्प बसले. षटक संपलं तेव्हा तो धापा टाकत होता. खांदा नव्हे, दमच गेला होता. जो यॉर्कर माझ्या अंगठ्याचा पत्ता ओळखायचा तो त्याला आता सापडत नव्हता, आणि सापडणारही नव्हता. पस्तीस ते पंचेचाळीस ही गोलंदाजाची उरलीसुरली वर्षं मी माझ्या एका शिक्क्यात मिटवून ठेवली होती.

कर्णधारानं त्याला विश्रांतीला पाठवलं. तो मंडपाशेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसला. मी पाण्याची बाटली घेऊन गेलो. त्यानं मला पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

“डाक्टरसाहेब, माफ करा,” तो म्हणाला. “तुमी एवढ्या मेहनतीनं खांदा वाचवला, अन् म्या त्याची अशी इज्जत घालवली. तुमचं नाव खराब केलं बगा लोकांत.”

त्यानं माझी माफी मागितली. खाली मान घालून, हातात पाण्याची बाटली धरून.

“माझी चूक होती,” मी म्हणालो.

जनरेटर धडधडत होता, चाचा पुन्हा सुरू झाले होते. त्यानं कानामागे हात नेला. “हां, सूज व्हती. लई सूज व्हती तवा.”

“सूज नाही. मी चूक केली.”

“व्हय व्हय, सूज गेली. तुमीच घालवली की.” तो पाणी प्यायला. “आता काय ताप नाई तिचा.”

मी मागे वळून पाहिलं. पत्नी मंडपात पहिल्या रांगेत बसली होती. तिनं हाताचा पंजा वर उचलून दाखवला, वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला दाखवतात तसा, ‘मोठ्यानं!’ मुलगी तिच्याकडे नाही, माझ्याकडे बघत होती. त्याच्या संघातले दोघं-तिघं आमच्याजवळ येऊन थांबले होते, आणि चाचा माइक हातात धरून, डॉक्टरसाब काहीतरी बोलतायत याच कुतूहलानं, वाक्याच्या मध्येच अडखळले होते.

मी पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे. माझ्या आठवणीत मी आयुष्यात कुणावर आवाज चढवलेला नाही, आणि तो कसा चढवतात हे मला नीटसं ठाऊकही नव्हतं. तो निघाला तेव्हा फाटका, किरटा निघाला, पण निघाला.

“तुमच्या खांद्याला काही झालं नव्हतं! सूज नव्हती, शीर दबली नव्हती, ऑपरेशन लागणार नव्हतं. तीन दिवसांत तुम्ही बरे होणार होता आणि ती फायनल खेळू शकला असता. मला ते माहीत होतं. मला तुमच्या बॉलिंगची भीती वाटत होती, म्हणून मी ते मुद्दाम लिहिलं, आणि नंतर लाज वाटली म्हणून अकरा वर्षं गप्प बसलो. तुम्ही शाली घालत राहिलात, मी घेत राहिलो. तुमचं नुकसान मी केलं, दुसऱ्या कुणी नाही, आणि ते मला भरून देता येणार नाही. माफी तुम्ही मागायची नाही. मी मागतो. मला माफ करा.”